गोमुखाला जावे की मुनस्यारीला?

वाचकहो, नाशिक जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. यंदा कांद्याने साथ दिली, हाती चार पैसे उरले. सासरे सत्तरीचे, चढ चढताना त्यांना धाप लागते. पण गोमुखाहून गंगाजल आणायचे त्यांनी मनाशी धरले आहे. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा मुनस्यारीला जाऊ, तिथे अंगणात बसून हिमालय दिसतो. एवढा लांबचा प्रवास पुन्हा घडेल असे नाही, तर कुठे जावे?

दोन्ही ठिकाणे उत्तराखंडातलीच. पण एक गढवालात, दुसरे कुमाऊंत. नकाशावर अंतर वीतभर दिसते, म्हणून एकाच फेरीत दोन्ही उरकण्याचा बेत कुणी करू नये. मध्ये डोंगर आडवे उभे आहेत. सारे दिवस गाडीत जातील आणि हाडे खिळखिळी होतील ती वेगळीच.

गंगोत्रीचे मंदिर सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. ऋषिकेशहून उत्तरकाशीमार्गे तिथवर मोटार जाते. गोमुख मात्र तिथून पुढे सुमारे १८ किलोमीटर, सारी पायवाट. शेवटी उंची ४,००० मीटरच्या आसपास जाते. हवा विरळ, त्यामुळे धडधाकट गड्याचेही डोके दुखते, दम लागतो. वाटेत भोजबासाला मुक्काम करावा लागतो. दिवसाला दीडशे माणसांनाच सोडतात आणि वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते.

गोमुख म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवळातल्या कुंडावरचे दगडी गाईचे तोंड येते. तसे तिथे काही नाही. सुमारे ३० किलोमीटर लांबीची गंगोत्री हिमनदी तिथे संपते. दगडमातीने माखलेली, करड्या बर्फाची भिंत, आणि तिच्या पोटातून भागीरथी उसळत बाहेर पडते. पाणीही गढूळच. जात्यात धान्य भरडावे तसा हा बर्फ खालचा खडक भरडतो; त्याचे पीठ पाण्यात उतरते. आणि ही भिंत मागे मागे चालली आहे. १९३५ साली तिची मोजणी झाली होती, तेव्हापासून ती दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली. बर्फाचे कडे अवचित कोसळतात, म्हणून अगदी तोंडाशी जाण्याचे धाडस करू नये.

मुनस्यारी २,२०० मीटरवर, काठगोदाम स्टेशनपासून मोटारीने दोन दिवसांची वाट. गावासमोर पंचाचुलीची पाच शिखरे. स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांनी शेवटचा स्वयंपाक या पाच चुलींवर केला, असे तिथले लोक सांगतात. त्यांची चूल ती आपलीही चूल, शब्द समजावून घ्यावा लागत नाही. उताराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत राजमा, बटाटा आणि मडुवा पिकतो. मडुवा म्हणजे आपली नाचणी! शेतकऱ्याला तिथे बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

मात्र हिमनदी गावात नाही. मिलम हिमनदी गोरीगंगेच्या खोऱ्यात पार वर आहे. त्या खोऱ्यातले शौका लोक पूर्वी शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य-गूळ लादून तिबेटात नेत, तिकडून मीठ आणि लोकर आणीत. १९६२ च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली आणि वरची भरलेली गावे ओस पडली. पावले मोजत १८६६ साली ल्हासा गाठणारे नैनसिंह रावत याच खोऱ्यातले. शंभर पावले झाली की ते जपमाळेचा एक मणी ओढीत.

आता निवाडा. तो निम्मा तुमच्या शेतानेच करून ठेवला आहे. गंगोत्रीची दारे अक्षय्य तृतीयेला उघडतात आणि दिवाळीच्या पाडव्याला मिटतात. मग देवी खाली मुखबा गावी मुक्कामाला जाते. रब्बी आटोपून मृगाआधी, म्हणजे मे महिन्यात मोकळीक मिळत असेल तर गंगोत्री. खरीप घरात आल्यावर, दिवाळीनंतर निघणार असाल तर मुनस्यारी. तेव्हा आभाळ स्वच्छ असते, मे महिन्यात धुरकट हवेने पाचही चुली झाकून जातात. पावसाळ्यात दोन्हीकडे जाऊ नये. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या रस्त्यावरचे धराली गाव खीरगाडच्या लोंढ्याने कसे गाडले गेले, ते सगळ्यांनी पाहिले आहे.

या भगिनीच्या घरापुरते माझे मत गंगोत्रीचे. मुलाचा बेत वाईट नाही, पण तो तरुण आहे, मुनस्यारी त्याच्यासाठी थांबेल. सासऱ्यांना मात्र गोमुखाला नेऊ नये, त्यांनी कितीही हट्ट धरला तरी. निघण्याआधी डॉक्टरांना छाती दाखवावी. एक रात्र उत्तरकाशीला, एक हरसिलला काढावी, म्हणजे अंगाला उंचीची सवय होते. मंदिरापाशी भागीरथी घाटालाच लागून वाहते. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी भरावे. मुलाला हौस असेल तर त्याने परवानगी काढून पुढे जाऊन यावे.

यात्रेची नोंदणी घरून निघण्यापूर्वी करावी लागते. कानटोपी आणि लोकरीचे मोजे मे महिन्यातही लागतात. आणि गंगाजलासाठी झाकण घट्ट बसणारा डबा न्यावा. त्या वळणांत उघड्या तांब्यात थेंब राहायचा नाही.