सीमा तारांच्या, प्रभागांच्या नव्हेत

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचा कारभार प्रभाग क्षेत्रांतून चालतो; त्यांपैकी ‘फ’ व ‘ग’ ही डोंबिवली पूर्वेची, आणि ‘ह’ पश्चिमेचे. अशा विस्तीर्ण संस्थेचे संगणक-जाळे विभागावयाचे ठरले, की जितके प्रभाग तितके विभाग करावेत, ही सूचना सर्वांआधी पुढे येण्याचा संभव फार. कारण दफ्तरातील नकाशावर रेषा आधीच आखलेल्या असतात, त्या गिरवण्यास श्रम पडत नाहीत, आणि आपला इलाखा स्वतंत्र झाल्याचे समाधान प्रत्येक अधिकाऱ्यास आयतेच लाभते. ही सूचना नामंजूर व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विभागणीचे मूळ प्रयोजन पाहिले म्हणजे या मताचे कारण कळेल. मोठ्या संस्थांच्या अंतर्गत जाळ्यांत जी ओएसपीएफ नावाची पद्धती आज सर्रास वापरली जाते, आणि जिचे प्रचलित दुसऱ्या आवृत्तीचे मानक जॉन मॉय यांनी १९९८ साली लिहिले, तिच्यात प्रत्येक राउटर आपल्या जोडण्यांची वर्दी इतर सर्वांस देतो, सर्वांच्या वर्द्या जुळवून अवघ्या जाळ्याचा नकाशा स्वतःजवळ बाळगतो, आणि डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती रीतीने स्वतःपासून प्रत्येक ठिकाणी जाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग काढतो. व्यवस्था प्रामाणिक खरी, पण बोलघेवडी. टिटवाळ्यातील एखादी केबल रस्त्याच्या खोदकामात दुखावून घटकेत जुळू व घटकेत तुटू लागली, तर तिच्याशी कसलाही संबंध नसलेल्या डोंबिवलीतील राउटरलाही प्रत्येक वेळी नकाशा दुरुस्त करून हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

विभाग पाडल्याने हा तपशील हद्दीच्या आत राहतो. हद्दीवरचा राउटर आपल्या विभागात कोणते पत्ते आहेत व तेथवर पोहोचण्यास खर्च किती, एवढेच ‘एरिया झिरो’ या मध्यवर्ती विभागास कळवितो. इतर प्रत्येक विभाग या मध्यवर्ती विभागास जोडलेला असलाच पाहिजे आणि एका विभागातून दुसऱ्यात जाणारी वाहतूक तेथूनच गेली पाहिजे, हा या पद्धतीचा कडक दंडक आहे. बदलापूरहून टिटवाळ्यास लोकलने निघालेल्या प्रवाशास जसे कल्याण टाळता येत नाही, तसेच हे. दंडक जाचक वाटला तरी त्यामुळेच मार्ग विभागांच्या वर्तुळात फिरत राहत नाहीत.

मात्र नुसती हद्द आखल्याने आतील पत्त्यांचा एकत्रित गोषवारा आपोआप तयार होत नाही, ही गोष्ट आराखडे करणारे अनेकदा विसरतात. एका विभागातील पत्त्यांचे ६४ गट योग्य जागी आरंभ होऊन सलग लागलेले असतील, तर त्या सर्वांची वर्दी एका ओळीत देता येते. तेच गट तीन विभागांत विखुरलेले असतील, तर हद्दीवरचा राउटर सारी जंत्री जशीच्या तशी बाहेर धाडतो, आणि टिटवाळ्याची केबल पुन्हा सर्वांच्या कानी कुरकुरू लागते. गोषवाऱ्यालाही किंमत आहेच: आतील एखादा गट बंद पडला तरी बाहेरच्यांना तो चालूच दिसतो, आणि त्याच्याकडे निघालेली माहिती हद्दीपर्यंत येऊन तेथे टाकून दिली जाते. ही किंमत मी आनंदाने देईन. परंतु ज्याने पत्ते विस्कळीत वाटले आहेत, त्याला ती देण्याची संधीच मिळत नाही.

आता प्रभागांकडे पाहू. या शहराची हद्द स्थिर कधी होती? १९८३ साली महापालिका स्थापन झाली तेव्हा २७ गावे तीत होती. २००२ मध्ये ती वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा सामील झाली, आणि २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वेगळी काढण्याचा निर्णय झाला तो त्याच वर्षी उच्च न्यायालयाने रद्द केला. या उलथापालथीचे बरेवाईट राजकारण येथे बाजूस ठेवू. एखादे कार्यालय हुकमाने या प्रभागातून त्या प्रभागात जाते, पण त्याची केबल होती तेथेच राहते. हुकमाबरोबर जाळ्यातील विभागही बदलला, तर ते मध्यवर्ती विभागाशी थेट नाते नसलेले बेट होऊन बसते, आणि मग त्यास दुसऱ्या विभागातून मध्यवर्ती विभागाशी जोडणारी, व्हर्च्युअल लिंक नावाची तात्पुरती सोय कायमची गळ्यात पडते.

याउलट डोंबिवलीत निसर्गाने नव्हे तरी रेल्वेने एक हद्द आखून दिली आहे. पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये रूळ आहेत व ते ओलांडण्याच्या जागा मोजक्याच. कोपरचा पूल २०१९ मध्ये बंद होऊन २०२१ मध्ये पुन्हा खुला होईपर्यंत ठाकुर्लीच्या पुलावर काय भार पडला, हे येथील नागरिकांस सांगावयास नको. जेथे तारा दाट तेथे विभागाचे अंतरंग, जेथे त्या विरळ तेथे हद्द, आणि हद्दीवर एक नव्हे दोन राउटर, तेही दोन निराळ्या ठिकाणी रूळ ओलांडणाऱ्या केबलींवर: मला अभिप्रेत असलेली विभागणी ती ही.

एका विभागात पन्नासाहून अधिक राउटर असू नयेत, असा जुना शिरस्ता काही अभियंते अद्याप मंत्रासारखा म्हणतात. तो दुर्बळ यंत्रांच्या काळातला आहे, आणि आजची यंत्रे त्याहून पुष्कळ अधिक भार सहज पेलतात. तेव्हा वीस-पंचवीस राउटरांच्या संस्थेने, मग ती नगरपालिका असो, महाविद्यालय असो वा रुग्णालय, एकाच विभागात सुखाने नांदावे. मात्र विभाग आज नको असले तरी पत्त्यांची नोंदवही आजच हवी. कोणत्या स्थळास कोणता सलग पट्टा दिला, त्याच्या शेजारी वाढीसाठी किती जागा राखून ठेवली, याचा लेखी आराखडा राउटर खरेदीच्या निविदेबरोबरच मागितला जावा, आणि तो सादर होईपर्यंत ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर होऊ नये.