गाडी डोंगरावर, आपण सोफ्यावर

‘टॉप गिअर’ बघणाऱ्यांचे तीन प्रकार असतात. पहिल्यांना गाड्या आवडतात. दुसऱ्यांना जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे या त्रिकुटाची भंकस आवडते. आणि तिसरे या दोघांच्या मध्ये सोफ्यावर बसून विचारतात, “पण ॲव्हरेज किती देते?”

२०१५ मध्ये या त्रिकुटाची बीबीसीवरची सद्दी संपली. २०२३ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधला शोच बेमुदत गॅरेजमध्ये लावला. पण कुठल्याही ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘मी एसयूव्ही घेतोय’ एवढंच म्हणून बघा. कुणीतरी मोबाइल पुढे करणारच, “थांब, आधी हे बघ!” आणि ‘हे’ म्हणजे बहुतेक वेळा चिखल, बर्फ नाहीतर डोंगर असतो.

डोंगराचंच घ्या. २००४ मध्ये क्लार्कसनने लँड रोव्हर डिस्कव्हरी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, टंग नावाच्या गावाजवळच्या एका डोंगरावर चढवली. उंची जेमतेम तीनशे मीटर. आपल्या सिंहगडच्या पायवाटेपुढे काहीच नाही. पण रस्ता नाही, पायाखाली ओला लिबलिबीत चिखल, मध्ये दगड. गाडी माथ्यावर पोचली आणि जगभरातल्या सोफ्यांवर टाळ्या पडल्या.

सगळ्याच सोफ्यांवर नाही बरं का. पर्यावरणवाल्यांनी आणि डोंगर भटकणाऱ्यांनी ठणकावून आक्षेप घेतला. कारण तो चिखल साधा नव्हता, ते ‘पीट’ होतं. शेवाळ आणि गवत पाण्यात अर्धवट कुजून पीट तयार होतं आणि त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे टायरने वीतभर चर पाडला, तर तो भरायला दोनेकशे वर्षं! आपल्याला टीव्हीवर दिसतो दहा मिनिटांचा थरार. बिल कोणाच्या नावावर फाटतं, ते कॅमेऱ्यात येत नाही.

एकदा मात्र खरंच बिल आलं. टोयोटा हायलक्स पिकअपची ती सुप्रसिद्ध परीक्षा आठवतेय? २००३ मधली. तीन लाख किलोमीटर पळालेला जुना डिझेल पिकअप. तो झाडावर आदळला, भरतीच्या समुद्रात बुडवला, पेटवला आणि शेवटी तेवीस मजली इमारतीच्या डोक्यावर ठेवून इमारतच पाडली! अट एकच, नवीन पार्ट घालायचा नाही, साध्या हत्यारांनी जमेल ते करायचं. आणि पठ्ठ्या चालू झाला. पण ज्या झाडावर तो आदळला, ते सॉमरसेटमधल्या एका गावचं होतं. तिथल्या माणसाने टीव्हीवर आपलं झाड बरोब्बर ओळखलं. बीबीसीला गावाच्या कौन्सिलला २५० पाउंड भरपाई द्यावी लागली. मला विचाराल तर शोचा सर्वोत्तम प्रेक्षक हाच. सगळं जग गाडीकडे बघत होतं, हा झाडाकडे!

आता म्हणाल, एवढं काय सीरियसली घ्यायचं? करमणूक आहे ती. कबूल. २००७ च्या ध्रुवाच्या स्पेशल एपिसोडमध्ये बर्फावर गाडी हाकता हाकता जिन-टॉनिक प्यायलं गेलं, तेव्हाही चाहते हेच म्हणाले, तिथे आहे कोण धडकायला? २००८ मध्ये बीबीसी ट्रस्टने मात्र कान धरला. घरातली पोरंसोरंही बघतात असा कार्यक्रम आहे, हे शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. कारण बघणारा नुसता बघत नाही, करूनही बघतो. आपल्या कोकणात नाही का, वाळूवर गाडी घालून रील काढणारे, भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरतात?

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे, आणि तो तुमच्या-माझ्या ईएमआयचा आहे.

डिस्कव्हरी डोंगर चढली ती चारही चाकांना ताकद मिळते म्हणून, लो रेंजचा वेगळा गिअर आहे म्हणून, एअर सस्पेन्शनने ती स्वतःला उचलून घेते म्हणून. आपण शोरूममध्ये जातो आणि त्याच तोऱ्याची, तशाच उंच बॉनेटची गाडी बुक करतो. तिची मात्र फक्त पुढची दोन चाकं फिरतात! आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा ‘एसयूव्ही’ अशाच असतात. माझ्या एका मित्राला हे गाडी घेतल्यावर आठ महिन्यांनी कळलं, एका फार्महाउसच्या ओल्या गवतावर. बैलजोडीने बाहेर काढली. सात वर्षांचं कर्ज आहे, सहा वर्षं चार महिने बाकी.

आमच्या शेजारच्या काकांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढला. त्यांना मी डोंगराची क्लिप दाखवली. शांतपणे बघितली आणि म्हणाले, “चढली, छान. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली का, ते दाखव.” मग हायलक्सची लावली. काका खुर्चीच्या कडेवर! “ही खरी टेस्ट. गाडी काय करू शकते, ते नको सांगूस. बिघडल्यावर साध्या पान्याने उठते का, ते सांग.”

अर्थात एका गाडीवरून सगळ्या जातीचा निकाल लावू नये, हेही याच शोने शिकवलं. २००९ च्या बोलिव्हिया स्पेशलमध्ये तिघांनी जुन्या फोर-बाय-फोर घेऊन जंगल ते पॅसिफिक अशी वाट तुडवली. ‘कधीच बंद पडत नाही’ अशी ख्याती असलेली टोयोटा शेवटी वाळूच्या उतारावरून गडगडली. आणि ‘सारखी बिघडते’ म्हणून बदनाम असलेली रेंज रोव्हर टिकली.

तेव्हा क्लिप जरूर बघा, हसा, मित्रांना फॉरवर्ड करा. पण चेक फाडण्याआधी सेल्समनला तीनच प्रश्न विचारा. ताकद किती चाकांना जाते? सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब? आणि पाच वर्षांनी पार्ट काय भावाने पडतो?

चौथा प्रश्न स्वतःला. गेल्या वर्षभरात डांबर सोडून आपण नेमके किती वेळा खाली उतरलो? सोसायटीच्या गेटबाहेरचा खड्डा धरायचा नाही.