गालिचा आणि फरशी यांचा सांधा

आपल्या जुन्या घरांत सारवलेलें माजघर व फरशीची ओटी यांच्यामध्यें उंबरठा असे. तो चांगला उंच असल्यामुळें डोळ्यांना दिसे आणि पाय आपोआप उचलला जाई. अमेरिकेंत मुलांकडे चार-सहा महिने राहावयास जाणाऱ्या वडील मंडळींना मात्र निराळा अनुभव येतो. तेथें पुष्कळ घरांत शयनगृहांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, लगतच्या स्नानगृहांत गुळगुळीत फरशी, आणि मध्यें उंबरठा नाहीं. अर्ध्या इंचाचा फरक असला तरी तो दिसत नाहीं; आणि न दिसणारा अर्धा इंच दिसणाऱ्या सहा इंचांहून घातक होय. आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई रात्रीं अशाच ठिकाणीं, सुटलेल्या धातूच्या पट्टींत अंगठा अडकून पडल्या व खुब्याचें हाड मोडून तीन महिने अंथरुणाला खिळल्या. तेव्हां हा विषय क्षुद्र मानूं नये.

पुष्कळ कारागीर गालिचा फरशीजवळ आणून कापतात व वरून पट्टी ठोकून मोकळे होतात. व्याकरणाच्या भाषेंत हा आगम. दोन वर्णांचें जमेना म्हणून तिसरा आणून बसविला. आगमाला व्याकरणांत मान आहे, पण येथें तो बहुधा आळसाचा आश्रय असतो, असें माझें मत आहे. पट्टीचे खिळे कालांतरानें ढिले होतात आणि कड वर येते.

पट्टीवांचून सांधा साधतो. फरशी आधीं बसवावी, गालिचा मागून. दार लावलें असतां सांधा दाराच्या फळीखालीं यावा, म्हणजे एका खोलींतून दुसरीची जमीन डोकावत नाहीं. तिरप्या अणकुच्यांची एक अरुंद लांकडी पट्टी मिळते. ती फरशीच्या कडेला समांतर, अणकुच्यांचा कल फरशीकडे ठेवून ठोकावी. पट्टी व फरशी यांमध्यें गालिच्याच्या जाडीहून किंचित् कमी अशी फट सोडावी. सगळें कौशल्य या फटींत आहे. फट मोठी झाली तर कड आंत खचते, आणि फार लहान झाली तर कड आंत शिरतच नाहीं. गालिच्याखालचें मऊ अस्तर पट्टीच्या अलीकडेच थांबवावें. मग गुडघ्यानें रेटावयाच्या हत्यारानें गालिचा ताणून अणकुच्यांवर अडकवावा, थोडी कड राखून कापावा, व ती कड बोथट पात्यानें फटींत दाबावी. गालिचा पातळ असेल तर अणकुच्या वर टोंचत नाहींत ना, हें हातानें चांचपून पाहावें. आपली माणसें घरांत अनवाणी चालतात, हें तेथील कारागिराच्या ध्यानांत असेलच असें नाहीं. गालिचा फांसांच्या विणीचा असल्यास कापलेल्या कडेला त्यासाठींच मिळणारा डिंक लावावा. नाहीं तर केर ओढणाऱ्या यंत्रांत एक धागा सांपडला कीं ओळच्या ओळ उसवत जाते.

खरी अडचण उंचीची. फरशीखालीं सिमेंटचा तक्ता व मसाला असल्यानें ती कधीं कधीं गालिच्याहून वर राहते. अशा वेळीं जाड पट्टी आणून चढ झांकण्यापेक्षां, अस्तराखालीं हात-दीड हात लांबीच्या निमुळत्या पाचरी घालून जमीनच हळूहळू चढवावी. पायाला कळतही नाहीं. अपंगांच्या सोयीसाठीं अमेरिकेंत २०१० सालीं जीं मानकें ठरलीं, त्यांत पाव इंचापर्यंतचा उभा फरक चालतो. पाव ते अर्धा इंच असल्यास तो भाग उतरता करावा लागतो. त्याहून अधिक असल्यास रीतसर उतरण हवी. हीं मानकें मुख्यतः सार्वजनिक इमारतींसाठीं आहेत, परंतु ज्या घरीं आजी-आजोबा येऊन राहणार, तेथें तींच प्रमाण धरावींत.

गालिचा व फरशी यांचा रंग अगदीं एक असावा, असा सुनांचा आग्रह असतो. शोभा दिसते खरी, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना सांधा सांपडत नाहीं. रंगांत थोडा भेद असावा. आणि कारागिराला पैसे देण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील माणसाचा हात धरून, दिवा मालवून, अनवाणी दोन्ही बाजूंनीं चालून पाहावें.