विश्लेषण : आजोबांच्या दुनळीची रायफल करता येते का?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या काही जुन्या घरांत अजूनही दुनळी बंदूक आहे. परवाना आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर, काडतुसे कधीच संपलेली आणि बंदूक कपाटात. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, आचारसंहिता संपली की परत येते. हाताला यंत्राचे काम माहीत असलेल्या तरुणाला एक दिवस वाटते, की नुसती पडून राहण्यापेक्षा हिची रायफल का करू नये? रांजणगावात लेथ आहेत, मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ आहेत आणि आवड तर आहेच. उसात बिबट्या फिरत असेल तर या आवडीला गरजेचे नावही देता येते.

तरीही हे करू नये. कायदा आड येतो हे एक कारण झाले. दुसरे कारण बंदुकीच्या लोखंडातच आहे.

दुनळी आणि रायफल यांत फरक काय?

दुनळीची नळी आतून गुळगुळीत असते. बारा बोअर म्हणजे त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. काडतुसातून छर्रे सुटतात आणि पसरतात. तीस-चाळीस मीटरपुढे त्यांचा भरवसा राहत नाही. रायफलच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. त्या एकाच गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती लांबवर सरळ जाते. त्यासाठी काडतुसातला दाबही दुनळीच्या तीन ते पाच पट असतो.

दुनळीची पातळ नळी आणि तिचा बिजागरीचा सांधा एवढ्या दाबासाठी बनवलेलाच नसतो. बार झाला की हा दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि त्या वेळी नेम धरणाऱ्याचा गाल नळीपासून वीतभर अंतरावर असतो. जुन्या बंदुका तर साध्या काडतुसालाही नाजूक झालेल्या असतात. अनेक जुन्या विलायती दुनळ्यांचे कोठे ६५ मिलिमीटर काडतुसाचे आहेत आणि आज सर्रास मिळते ते ७० मिलिमीटरचे. ते आत बसले म्हणजे चालेल, असे नाही.

‘साहेबलोकांकडे दुनळी रायफली होत्याच की,’ असे यावर ऐकू येते. होत्या, पण त्या दुनळी बंदुकीतून केलेल्या नव्हत्या. बंगालच्या फौजेतल्या फॉस्बेरी नावाच्या अधिकाऱ्याने १८८५ मध्ये एका वेगळ्या बंदुकीचे पेटंट घेतले. नळीच्या तोंडाकडच्या काही इंचांतच खाचा, बाकी नळी गुळगुळीत. छर्रेही चालत आणि गोळीही. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती ‘पॅराडॉक्स’ नावाने विकली. ती मुळापासून तशीच घडवलेली होती आणि सरकारमान्य चाचणीतून पास होऊन बाहेर पडत होती.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याचे कलम १३ मुळातच गुळगुळीत नळीची बंदूक आणि इतर शस्त्रे यांत भेद करते. स्वसंरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि ती पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, यांच्याबाबतीत कायद्याचा हात त्यातल्या त्यात सैल आहे. रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी लागणारी .२२ बोअरची किंवा हवेची रायफल सोडली, तर रायफल या यादीत नाही. शेतकऱ्याला रखवालीसाठी काय लागते, याचा विचार कायद्याने केलेला आहे.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ आणखी कडक झाले. एका प्रकारच्या बंदुकीचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणे, त्यासाठीचा परवाना नसेल तर, हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. मालकाकडे बंदुकीचा परवाना आहे हा बचाव इथे उपयोगाचा नाही, कारण तो परवाना दुनळीचा असतो. लेथवर काम करून देणाऱ्या मित्रालाही ‘मला काय माहीत’ म्हणून सुटता येईल असे नाही. शिवाय रायफलची काडतुसे दुनळीच्या परवान्यावर मिळत नाहीत, म्हणजे तीही चोरवाटेने आणावी लागणार. आवड म्हणून सुरू झालेले काम दोन-तीन गुन्ह्यांपर्यंत पोहोचते ते असे.

बिबट्याचे काय?

खरी अडचण इथे आहे आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, वनखात्याची गाडी जाळली गेली. अखेर बेशुद्ध करण्याचा प्रयत्न फसल्यावर नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. ज्या घरातले लेकरू गेले, तिथे कायद्याची कलमे वाचून दाखवणे क्रूरपणाचेच वाटेल.

पण त्या रात्री गोळी झाडली ती परवानगी घेऊन आलेल्या प्रशिक्षित माणसांनी. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या बिबट्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. अंगावर आलेल्या जनावराला सद्भावनेने, जीव वाचवण्यासाठी मारले तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा नाही. मात्र ही मुभा बेकायदा शस्त्राला लागू होत नाही. त्याचा हिशेब शस्त्र कायदा वेगळा मागतो.

आणि घोड-भीमेकाठचा सपाट मुलूख डोळ्यांसमोर आणावा. अंधार, डोक्याएवढा ऊस, बांधापलीकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या. चुकलेले छर्रे काही शे मीटरांत जमिनीवर येतात. चुकलेली रायफलची गोळी किलोमीटरपलीकडे जाते. पाचटात काहीतरी हलले म्हणून चाप ओढला, तर पलीकडे कोण निजले आहे हे बांधावरच्या माणसाला कळणार नाही. शेतीला दिवसा वीज, वेळेवर पिंजरे आणि वस्त्यांवर उजेड या मागण्या लोक वर्षानुवर्षे करत आहेत. त्या पुऱ्या झाल्या तर रात्री बंदूक घेऊन दारे धरायला जायची वेळच कमी येईल. सरकार इथे कमी पडले आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याची भरपाई घरच्या रायफलीने होणार नाही.

मग आवडीचे काय करायचे?

ज्याला रायफलच चालवायची आहे त्याला बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल फार लांब नाही. कोल्हापूर जिल्ह्यातला, मध्य रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. दौंडसारख्या रेल्वेच्या गावाला त्याचे कौतुक जरा जास्तच असायला हरकत नाही. बारा बोअरवर प्रेम असेल तर ट्रॅप आणि स्कीट हे खेळ त्याच बोअरचे आहेत. बारा बोअरची काडतुसे आपल्याच जिल्ह्यात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. आणि हाताला काम हवे असेल तर दस्त्याच्या लाकडाला तेल लावून, जुना गंज काढून दुनळी जशी होती तशी उभी करणे हेही काही कमी कसबाचे नाही. मात्र नळी, घोडा, चाप यांची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच.

त्याआधी कपाटातल्या बंदुकीचे कागद बघावेत. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचे निधन झाले असेल, किंवा त्याचे वय सत्तर झाले असेल, किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. अनेक घरांत हे राहून जाते, कारण जिल्हाधिकारी कार्यालयातल्या फेऱ्या कोणाला परवडत नाहीत. शिरूर आणि दौंडला वर्षातून एकदा वारस नोंदीचे शिबिर भरवले, तर प्रशासनाचे काम बरेच हलके होईल. तोवर, परवाना संपलेला असेल तर बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर लिहिला आहे ना, तेवढे तिथेच तपासावे.