दार मोजायचे की चूल?

अमेरिकेच्या राजधानीतून पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनिया राज्यात थोडे पुढे गेले की फेअरफॅक्स काउंटी लागते. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्हा. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे निवासस्थान याच काउंटीत आहे. १९५० मध्ये येथे ९८,५५७ माणसे राहत होती. २०२० च्या जनगणनेत ही संख्या ११,५०,३०९ झाली. राजधानीचे हे विशाल उपनगर अमेरिकेतील अत्यंत सधन प्रदेशांत गणले जाते. पुण्या-मुंबईतील अनेक घरांना हे नाव परके नाही, कारण त्यांची मुले, सुना, नातवंडे त्याच परिसरात नांदत आहेत.

या सुखवस्तू प्रदेशातील घरांच्या आत डोकावायचे असेल तर २००० सालच्या जनगणनेचा तक्ता पाहावा. त्या वर्षी येथे ३,५०,७१४ घरे मोजली गेली. दर घरी सरासरी माणसे २.७४. पती-पत्नी एकत्र नांदत असलेली घरे ५९.४ टक्के. अठरा वर्षांखालील मूल असलेली घरे ३६.३ टक्के, म्हणजे दहा दारे ठोठावली तर सहा दारांआड बालकाचा आवाज नाही. २१.४ टक्के घरांत एकच माणूस. अशी घरे सुमारे ७५ हजार. त्यांपैकी सुमारे १७ हजार घरांतील एकमेव रहिवासी पासष्टी उलटलेला.

निष्पक्षपणे सांगायचे तर फेअरफॅक्स हे तेथील वाईट उदाहरण नव्हे. त्याच वर्षी संपूर्ण अमेरिकेत एकट्या माणसाची घरे २५.८ टक्के होती. १९७० मध्ये अमेरिकेतील ४० टक्के घरांत पती-पत्नी आणि त्यांची लहान मुले असे कुटुंब होते. २०२२ मध्ये असे घर शंभरांत अठरासुद्धा उरले नाही. जाहिरातींतून आणि चित्रपटांतून जगाला दाखविले गेलेले अमेरिकन कुटुंब, म्हणजे हिरवळ, मोटार, आई-बाबा आणि दोन मुले, आता त्याच देशात अल्पसंख्य झाले आहे.

आपल्याकडील एक विचारवंत वर्ग यावर लगेच सांगेल, की हे स्वातंत्र्य आहे, ही प्रगती आहे, समाज श्रीमंत झाला की घरे लहान होणारच आणि भारतानेही हा मार्ग निमूटपणे स्वीकारावा. हा युक्तिवाद वरवर तर्कशुद्ध भासतो. परंतु अमेरिकेतील घर लहान झाले ते केवळ तेथील माणसांच्या इच्छेने, हे खरे आहे काय?

इतिहास वेगळे सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील सरकारने गृहकर्जांना हमी दिली, महामार्ग बांधले आणि शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. या वसाहतींच्या नियमांनी मोठमोठे भूभाग केवळ 'एका कुटुंबाच्या घरा'साठी राखून ठेवले. मग कुटुंब कोणाला म्हणायचे, हेही नगरपालिकाच ठरवू लागल्या. ओहायो राज्यातील ईस्ट क्लीव्हलँड या उपनगरात इनेझ मूर नावाच्या आजीबाई आपला मुलगा आणि दोन नातू यांच्यासह राहत होत्या. दोन्ही नातू सख्खे भाऊ नव्हते, चुलतभाऊ होते. त्यांपैकी एकाची आई वारली म्हणून तो लहानपणीच आजीकडे आला होता. नगरपालिकेच्या व्याख्येनुसार तो या घरातील 'बेकायदा रहिवासी' ठरला. नातवाला घराबाहेर काढले नाही, या अपराधाबद्दल आजीला पाच दिवसांचा कारावास आणि २५ डॉलर दंड सुनावण्यात आला! प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७७ मध्ये निकाल आजीच्या बाजूने लागला; तोही नऊपैकी पाच न्यायाधीशांच्या बळावर. चार न्यायाधीशांना त्या वेळीही नगरपालिकेचा नियम रद्द करावासा वाटला नाही.

ज्या समाजात आजीला नातवाजवळ राहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, तेथील लहान घरांना केवळ स्वातंत्र्याचे फळ म्हणणे ही सत्याशी प्रतारणा आहे. घराचा नकाशा, कर्जाचा कायदा आणि नगरपालिकेचा नियम यांनी मिळून कुटुंबाला एका साच्यात बसविले. साच्याबाहेरची आजी, काका, आत्या बाहेरच राहिली.

फेअरफॅक्समध्येही याचा पडसाद दिसतो. घराच्या एका भागात दुसरे स्वयंपाकघर करून म्हाताऱ्या आई-वडिलांना तेथे ठेवायचे असेल, तर अनेक वर्षे सुनावणी होऊन विशेष परवाना घ्यावा लागे. त्या घरात पंचावन्न वर्षांवरील किंवा अपंग व्यक्ती राहत असणे आवश्यक होते. काउंटीच्या मंडळाने २०२१ मध्ये घरातल्या घरात असा भाग करण्यासाठी ही अट काढून प्रक्रिया सोपी केली. शेजाऱ्यांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले, कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर ती नियमावली रद्द झाली आणि २०२३ मध्ये मंडळाला ती पुन्हा मंजूर करावी लागली. घरात दुसरी चूल मांडण्यासाठी एवढा खटाटोप!

आणि तरीही वारे फिरले आहे. एकापेक्षा अधिक प्रौढ पिढ्या एकाच घरात राहण्याचे प्रमाण अमेरिकेत १९४० मध्ये सुमारे २५ टक्के होते. ते १९८० मध्ये १२ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०१६ मध्ये पुन्हा २० टक्क्यांवर आले. घरांच्या किमती, मुलांच्या संगोपनाचा खर्च, वृद्धांची शुश्रूषा यांनी तेथील माणसाला पुन्हा आई-वडिलांच्या दाराशी आणले. आशियातून आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांनी तर ही रीत तेथे सोबतच नेली. ज्या वळणावरून अमेरिका परत फिरत आहे, त्याच वळणाला भविष्यकाळ समजून आपण धाव घ्यायची काय?

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेची जनगणना 'घर' म्हणते तेव्हा एका निवासस्थानात राहणारी माणसे मोजते. त्यांच्यात रक्ताचे, विवाहाचे किंवा दत्तकाचे नाते असेल तर ते 'कुटुंब', अन्यथा 'बिगर-कुटुंब'. पाच नातवंडांची आजी एकटी राहत असेल तर तिचे घर 'बिगर-कुटुंब' या रकान्यात पडते. भारताच्या जनगणनेची व्याख्या निराळी आहे. एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक घर. तेथे दार मोजले जाते, येथे चूल. भाऊ वेगळे झाले तर मराठी माणूस 'त्यांनी वेगळी चूल मांडली' असे म्हणतो, तो उगाच नव्हे. घर एका अन्नाने बांधले जाते, ही जाणीव आपल्या भाषेत आणि सरकारी व्याख्येतही टिकून आहे.

परंतु व्याख्या टिकली म्हणून घर टिकतेच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये भारतीय घरात सरासरी ४.८ माणसे होती. २०१९-२१ मध्ये ती ४.४ झाली. २००७ मध्ये संसदेला आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला. वृद्ध आई-बापाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास, अशी तरतूद त्यात आहे. श्रावणबाळाची कथा घरोघर सांगणाऱ्या देशाला पुत्रधर्म कायद्याच्या कलमात लिहावा लागला, याची लाज कोणाला वाटली? संस्कृतीच्या नावाने व्याख्याने झोडणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी स्वतःच्या घरात शोधावे.

पुण्यातील एखाद्या गृहसंस्थेचे चित्र पाहावे. तीन खोल्यांच्या सदनिकेत सत्तरीचे पती-पत्नी, भिंतीवर नातवाचे छायाचित्र, मुलगा फेअरफॅक्सला. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याला तेथे पाठविण्यासाठी शिकवण्या कोणी लावल्या, कर्ज कोणी काढले, पेढे कोणी वाटले? तेथील कायदाही त्याच्या मदतीला येत नाही. एच-१बी परवान्यावर गेलेल्या अभियंत्यासोबत पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित अपत्ये कुटुंब म्हणून जाऊ शकतात. आई-वडील त्या व्याख्येत बसत नाहीत. ग्रीनकार्ड मिळाले तरी त्यांना कायमचे बोलावता येत नाही, त्यासाठी नागरिकत्वच घ्यावे लागते. म्हणून आजी बाळंतपणाला पाहुणी म्हणून जाते आणि नातू रांगू लागेपर्यंत परतीचे विमान धरते.

एकत्र कुटुंबाची आरती ओवाळतानाही एक गोष्ट विसरता कामा नये. या कुटुंबाचा भार शतकानुशतके घरच्या सुनेने वाहिला. पहाटे सर्वांआधी उठणारी आणि सर्वांनंतर जेवणारी तीच होती. आज ती नोकरी करते आणि सासू-सासऱ्यांचे औषधपाणीही तिनेच पाहावे अशी अपेक्षा असते. मुलाला पाण्याचा पेला उचलू न देणाऱ्या घराने सुनेला 'घर मोडले' म्हणून बोल लावणे हा शुद्ध अन्याय आहे. एक चूल टिकवायची असेल तर तिच्यापुढे केवळ एकाच व्यक्तीला उभे करून चालणार नाही.

मग करायचे काय? सर्वांनी पुन्हा वाड्यात राहायला जावे, असे कोणी म्हणत नाही. शहर, नोकरी आणि परदेश या वास्तव गोष्टी आहेत. भारतीय जनगणनेची व्याख्याही कामाच्या निकडीने जेवायला येऊ न शकणाऱ्याला घराबाहेर काढत नाही. त्याचे ताट राखून ठेवते. तेवढेच औदार्य आणि तेवढीच जबाबदारी समाजाने दाखवावी. नव्या गृहसंस्थांचे नकाशे मंजूर होताना आजी-आजोबांच्या खोलीचा विचार व्हावा. दोन भावांना एका इमारतीत घर घेणे सुलभ व्हावे. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत एकटे राहणारे वृद्ध किती, याची यादी करावी आणि आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या दारी जावे. त्यासाठी ना निधी लागतो, ना सरकारी आदेश.

२०२१ ची लांबलेली जनगणना होऊन देशाला आपल्या घरांचे नवे चित्र कळेल. १ मार्च २०२७ ही त्या गणनेची संदर्भतिथी ठरविण्यात आली आहे. त्या चित्रात एकट्या चुली किती निघाव्यात, हे प्रगणक ठरविणार नाही. ते आज, प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात ठरत आहे.