आपल्या खांद्याची रेघ

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन्ही भाषांत ऐकू येते. आई मराठीत सांगते आणि शेजारची अज्जी म्हणते, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु.’ पैशाच्या बाबतीत आपण ती बऱ्यापैकी पाळतो. शरीराच्या बाबतीत मात्र दुसऱ्याचं अंथरूण बघून आपले पाय पसरतो! टीव्हीवरच्या खेळाडूसारखा हात फिरवायचा, शेजारणीइतकंच वाकायचं, आणि मग खांदा, कंबर, गुडघा धरून बसायचं.

हे सुचायला कारण उज्जैनची माझी आत्येबहीण, आमची आक्का. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सैन्यातून निवृत्त झालेले. महूच्या छावणीत असताना त्यांना गोल्फची गोडी लागली. निवृत्तीनंतर माणसं थोडी, वेळ फार. महिन्यातून दोनदा महूला जाऊन खेळणं आणि रोज सकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत काठी फिरवणं, एवढाच त्यांचा विरंगुळा. मी गेले तेव्हा तोही बंद पडला होता. कंबर धरली होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती आणि आक्का म्हणत होती, “आता या वयात कशाला तो खेळ?” दाजी काही बोलत नव्हते. पण दिवसभर त्याच खुर्चीत बसून राहिलेला माणूस बघवत नाही हो.

दाजी ठेंगणे, छातीनं रुंद, मान आखूड. आणि नक्कल करत होते कोणाची, तर टीव्हीवरच्या सहा फुटांवरच्या सडपातळ खेळाडूची!

इथं थोडी भूमिती सांगते. गोल्फची काठी फिरते तेव्हा तिचं टोक हवेत एक मोठं, कलतं वर्तुळ काढतं. हे वर्तुळ ज्या कलत्या पातळीवर असतं, तिला शाळेच्या भाषेत प्रतल म्हणायचं. जातं फिरतं ते आडवं. विहिरीवरचा रहाट फिरतो तो उभा. गोल्फचा फटका या दोहोंच्या मधे कुठंतरी असतो. कुठं, ते खेळणाऱ्याच्या अंगावर ठरतं. उंच आणि लांब हातांचा माणूस चेंडूच्या जवळ उभा राहतो, त्याचं वर्तुळ रहाटाकडं झुकतं. ठेंगणा, भरल्या अंगाचा माणूस चेंडूपासून जरा लांब उभा राहतो, त्याचं जात्याकडं झुकतं. काठीचाही वाटा असतो. लांब पल्ल्याची काठी सुमारे ४५ इंच, म्हणून तिचं वर्तुळ जरा आडवं. जवळच्या फटक्याची काठी सुमारे ३५ इंच, तिचं जरा उभं.

अमेरिकेचे बेन होगन यांनी १९५७ साली आपल्या पुस्तकात एक चित्र दिलं होतं. चेंडूपासून खांद्यापर्यंत टेकवलेली काचेची तावदानासारखी मोठी पाटी, आणि तिच्यातून डोकं बाहेर आलेला खेळाडू. हात वर नेताना ही काच फुटू द्यायची नाही, असा धडा. लोकांनी काच लक्षात ठेवली, पण ती टेकलेली आहे ती खेळणाऱ्याच्याच खांद्यावर, हे विसरले. खांदा बदलला की काचेचा कलही बदलणारच ना? पुढं २००५ मध्ये जिम हार्डी या शिक्षकांनी तर चांगल्या फटक्यांचे सरळ दोन प्रकार मांडले. एकात कमरेतून अधिक वाकून हात खांद्यांच्याच पातळीत फिरतात. दुसऱ्यात ताठ उभं राहून हात खांद्यांपेक्षा अधिक उभे जातात. दोन्ही बरोबर. पण अर्धं याचं, अर्धं त्याचं घेतलं की बिघडलं. जिम फ्युरिक यांचा फटका तर बघणाऱ्याला वेडावाकडा वाटायचा. त्याच फटक्यानं त्यांनी २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये एका फेरीत ५८ ची नोंद केली. आपल्या बेंगळूरूची अदिती अशोक लांब फटके मारणाऱ्यांतली नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं!

आक्काचा नातू मल्लखांबाला जातो. उज्जैनमध्ये या खेळाचं मोठं वेड आहे. मध्य प्रदेशानं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ ठरवलं, आणि इथल्याच योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेलं हे गाव. तालमीचा नाद इथं मराठी घरांनीही जपला. नातवाला आणायला म्हणून दाजींना मी बरोबर घेऊन गेले. तिथं एक म्हातारे उस्ताद पोरांना मुद्गल फिरवायला शिकवत होते. आपल्याकडच्या गरडी मनेत असतात तसेच. एका उंच पोराला त्यांनी मुद्गल पाठीमागून खोल सोडायला लावलं, आणि शेजारच्या गुटगुटीत पोराला खांद्याच्या जरा बाहेरून. मी विचारलं, दोघांना वेगळं का? ते म्हणाले, “बहनजी, मुद्गर वही है, कंधा तो अलग है.”

तसा हा व्यायाम साधा नव्हे बरं का! इंग्रजांच्या पलटणींनी तो हिंदुस्थानात पाहिला, विलायतेला नेला, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धासुद्धा झाली. म्हणजे कलत्या वर्तुळाचं गणित आपल्या तालमींना पुस्तक न उघडताच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात पाच वेधशाळा बांधल्या, त्यातली ही एक. माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती केली. तिथल्या सम्राट यंत्राच्या जिन्यासारख्या भिंतीचा कल सुमारे २३ अंश आहे, कारण उज्जैनचा अक्षांश तेवढा. जयपूरच्या यंत्राचा कल २७ अंश. राजा तोच, शास्त्र तेच, पण जयपूरची भिंत उज्जैनला आणून ठेवली तर वेळ चुकीची दाखवेल. आपल्या बेळगावात बांधायचं म्हटलं तर कल १६ अंशांवर आणावा लागेल. दाजी त्या भिंतीकडं बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, “म्हणजे मी जयपूरची भिंत उज्जैनात बांधत होतो तर!”

कंबर पूर्ण बरी झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, त्यांनी नव्यानं सुरुवात केली. ती पद्धत तुम्हालाही सांगते. गोल्फ न खेळणाऱ्यांनी साधी काठी घेतली तरी चालेल.

आधी ताठ उभं राहा आणि काठी कमरेच्या उंचीवर आडवी फिरवा, जात्यासारखी. कंबर आणि छाती काठीबरोबर वळली पाहिजे. मग प्रत्येक फेरीला कमरेच्या सांध्यातून थोडं थोडं पुढं वाका, पाठीला पोक काढू नका. काठीचं टोक गवताला हलकेच लागेल तिथं थांबा. तो तुमचा कल. हात खांद्याखाली सहज लोंबत असतील, ताणलेले नसतील. शेवटी काठी पूर्ण फिरवून झाल्यावर पुढच्या पायावर तीन अंक मोजेपर्यंत उभं राहून बघा. तोल गेला, तर कल अजून दुसऱ्याचाच आहे असं समजा. कंबरेतून पायात कळ उतरत असेल तर मात्र काठी ठेवून आधी डॉक्टरांकडं जा.

परवा आक्काचा फोन आला होता. दाजी पुन्हा महूला जायला लागलेत. चेंडू पूर्वीपेक्षा जवळच पडतो म्हणे, पण घरी परत आल्यावर चहा मागतात, तेलाची बाटली नाही.

आपल्या मुलांना नाच, पोहणं, क्रिकेट, काहीही शिकवायला घालाल तेव्हा शिक्षकांना एवढं जरूर विचारा, की माझ्या मुलाच्या अंगाला यातलं काय बसेल? वर्गातल्या पहिल्या नंबराच्या पोराची नक्कल मुलाच्या खांद्यावर लादू नका. त्याचा खांदा त्याचाच आहे.