सँडर घेण्यापूर्वी: किती घासायचे, ते आधी ठरवा

आमच्या सांगलीच्या घरी माजघरात एक सागवानी झोपाळा आहे. त्याच्या फळीच्या उजव्या अंगाला एक उथळ खळगा पडलेला आहे. आजोबा रोज त्याच जागी बसत. चाळीस वर्षांत लाकूड त्यांच्या बैठकीप्रमाणे झिजले. धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी आम्ही त्या झोपाळ्याला पॉलिश करावयाचे ठरविले. मिस्त्रींनी विचारले, "किती दिवसांत पाहिजे?" आम्ही म्हणालो, "उद्या संध्याकाळपर्यंत." त्यांनी लोखंड घासण्याच्या ग्राइंडरला खरखरीत चकती लावली. अर्ध्या तासात जुने पॉलिश निघाले खरे. पण फळीभर अर्धचंद्राकृती ओरखडे उमटले आणि कडेच्या कोरीव कमळाच्या पाकळ्या बोथट झाल्या. आवाज ऐकून आई बाहेर आली व म्हणाली, "थांबा हो मिस्त्री. तेवढी आबांची जागा राहू द्या."

ती जागा राहिली. पाकळ्या मात्र गेल्या. दोष मिस्त्रींचा म्हणवत नाही. घाई आमची होती, आणि कोणते यंत्र वापरणार हे विचारण्याचे भानही आम्हांला नव्हते. घरच्या जुन्या सामानाला स्वतःच्या हाताने नवी झळाळी देऊ इच्छिणारे वाचक वरचेवर विचारतात, 'सँडर कोणता घ्यावा?' त्यांना माझे पहिले सांगणे हेच असते की, यंत्राची ताकद पाहण्याआधी आपल्याला लाकडावरचे काय राखावयाचे आहे ते ठरवा. पॉलिश पुन्हा चढविता येते. घासून गेलेले लाकूड परत येत नाही.

बाजारात प्रामुख्याने चार प्रकारची यंत्रे मिळतात. पहिला बेल्ट सँडर. यात घासपट्टी दोन रुळांवरून एकाच दिशेने धावते. नव्या, जाड, खडबडीत फळ्या सपाट करण्यास हा उत्तम. परंतु तो फार वेगाने लाकूड खातो आणि सपाट करणे हाच त्याचा धर्म असल्यामुळे आजोबांच्या बैठकीसारखा खळगा तो पुसून टाकतो. दुसरा चौकोनी पॅडचा ऑर्बिटल सँडर. तो स्वस्त व सौम्य असून कोपऱ्यांत पोहोचतो. मात्र त्याचे पॅड नुसते थरथरत फिरत असल्यामुळे काम संथ होते. तिसरा रँडम ऑर्बिटल सँडर. याचे गोल पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी लहानशा वर्तुळात हेलकावेही घेते; त्यामुळे एकच कण एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा ओढला जात नाही व ओरखडे ठळक होत नाहीत. चौथा ग्राइंडर. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. लाकडाच्या अंतिम सफाईसाठी तो मुळीच घेऊ नये.

घरगुती कामासाठी १२५ मिलिमीटर पॅडचा रँडम ऑर्बिटल सँडर पुरेसा आहे. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. वेग कमी-जास्त करण्याची सोय असावी. पॅडला धूळ ओढणारी छिद्रे असावीत व मागे व्हॅक्यूम क्लीनरची नळी बसावी. पॅडच्या हेलकाव्याचा व्यास दोन ते तीन मिलिमीटर असावा. पाच मिलिमीटरचे यंत्र झपाट्याने घासते, पण खुणाही मोठ्या सोडते. शेवटची गोष्ट म्हणजे, त्याच्या मापाच्या चकत्या आपल्या गावात सहज मिळाव्यात. स्वस्त यंत्र घेऊन चकत्यांसाठी पुण्या-मुंबईकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. खळगे, गोलाई, खुर्चीचे हात यांसाठी पॅड व चकती यांच्यामध्ये बसणारे मऊ स्पंजाचे पॅड निराळे मिळते, ते अवश्य घ्यावे. त्यामुळे चकती लाकडाच्या आकाराप्रमाणे वळते. कोरीव कामास मात्र यंत्र लावूच नये. तेथे घडी घातलेला पॉलिश पेपर आणि आपली बोटे.

वापरण्याची रीत यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. यंत्रावर भार देऊ नये, त्याचे स्वतःचे वजन पुरते. ते सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या गतीने सरकवावे. सुरुवात ८० नंबरने, मग १२०, मग १८० आणि शेवटी २२०; मधला नंबर गाळल्यास आधीचे ओरखडे तसेच राहतात व पॉलिश लागताच उठून दिसतात. नंबर बदलताना फळी स्वच्छ पुसावी, कारण जाड कणाचा एकच दाणा चकतीखाली अडकला तरी शेपटीसारखी वेटोळी उमटतात. प्रत्येक नंबरापूर्वी फळीवर पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढाव्यात. रेघा सर्वत्र पुसल्या गेल्या की त्या नंबराचे काम झाले. शेवटचा हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने, यंत्राविना फिरवावा. प्लायवूडवरील सागाचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तेथे ८० नंबर लावलाच, तर साग संपून खालचे लाकूड डोळे वटारते.

आता पॉलिशर. मोटारींचा फिरता पॉलिशर पाहून अनेकांना मोह होतो. परंतु तेल किंवा मेण जिरविलेल्या लाकडाला त्याची गरज नाही. सुती कापड व मनगट पुरते. आरशासारखी चमक हवी असेल व पॉलियुरेथेनसारखा कठीण थर दिलेला असेल, तरच यंत्राचा उपयोग. तेथेही वेग कमी ठेवावा, कारण घर्षणाच्या उष्णतेने थर मऊ होतो. चपडीचे पॉलिश तर फारच लवकर. थर पूर्ण कठीण होण्यास काही आठवडे जाऊ द्यावेत. लहानसहान सामानासाठी वेग कमी केलेल्या रँडम ऑर्बिटल सँडरला स्पंजाचे पॅड लावले तरी काम भागते. दुसऱ्या यंत्राचा खर्च वाचतो. विजेच्या यंत्राने ओले घासकाम मात्र कधीही करू नये.

आपल्या घरांत आणखी एक विचार ओघानेच येतो. चपडी लाखेच्या किड्यांपासून मिळते आणि लाख काढताना असंख्य किडे मरतात. पॉलिशरच्या लोकरी टोप्यांतील काही मेंढीच्या कातड्यासह असतात. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी सोपे पर्याय आहेत: जवसाचे तेल, ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण, पॉलियुरेथेन आणि स्पंजाचे किंवा मायक्रोफायबरचे पॅड. दुकानात डबा उलटा करून घटक वाचावेत, टोपी कशाची आहे ते विचारावे; संकोच करू नये. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते व असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

शेवटी धुळीविषयी. लाकडाच्या भुकटीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ सालीच मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. म्हणून पिशवी लावलेली असली तरी एन-९५ मुखपट्टी बांधावी, काम अंगणात किंवा गच्चीवर करावे. जुन्या रंगविलेल्या सामानाबाबत अधिक सावध असावे. घरगुती रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे असण्याचा संभव आहे. असा रंग यंत्राने घासल्यास विषारी धूळ घरभर होते आणि तिचा सर्वाधिक त्रास रांगत्या बाळांना होतो. अशा वस्तूचा रंग न घासता जाणकाराकडून काढून घ्यावा.

पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो झोपाळा पुन्हा हाती घेतला. मऊ पॅड लावून, रोज थोडे थोडे करीत, चार दिवसांत ओरखडे निघाले. पाकळ्यांना हात लावला नाही. बोथट झाल्या त्या तशाच आहेत. खळग्यावरून सँडर अलगद फिरला, त्याची खोली तेवढीच राहिली. पाचव्या दिवशी तेल दिले. सुकल्यावर आईने प्रथम हात फिरविला तो त्याच जागेवरून.